आमची वाटचाल : मालक बदलले, खुर्च्या राहिल्या

अण्णांनी मुंबईत खेतवाडीतल्या गाळ्यात थिएटरच्या खुर्च्या दुरुस्त करायला सुरुवात केली. जागा मोक्याची होती. एका अंगाला ऑपेरा हाऊस, दुसऱ्या अंगाला ग्रँट रोड आणि पिला हाऊस (म्हणजे ‘प्ले हाऊस’) भागातली थिएटरं. रात्रीचा शेवटचा खेळ सुटला की अण्णा आणि कारागीर हत्यारं घेऊन आत शिरायचे. मोडक्या बिजागऱ्या आणि फाटकं रेक्झिन पहिल्या खेळाआधी उरकायचं असे.

थिएटरची जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची आणि चालवणारा तिसराच, असं या धंद्यात नेहमीचं. बिल कुणाच्या नावाने करायचं हे विचारल्याशिवाय अण्णा पाना हातात घेत नसत.

मुंबईला ही अदलाबदल नवी नाही. 1846 च्या ग्रँट रोड थिएटरच्या उभारणीत नाना शंकरशेट पुढे होते आणि 1853 मध्ये तिथेच विष्णुदास भाव्यांच्या मंडळीचे खेळ झाले. बोरीबंदरसमोरचं 1879 चं गेइटी नाटकांसाठी बांधलेलं, पुढे त्याचं कॅपिटॉल सिनेमा झालं. मेट्रो 1938 मध्ये हॉलिवूडच्या एमजीएमने स्वतःसाठी उभारलं, पुढे ते भारतीय मालकांकडे आलं आणि 2006 मध्ये तिथे मल्टिप्लेक्स झालं.

ऑपेरा हाऊसची गोष्ट मात्र वेगळी, आणि आमच्या गाळ्याच्या शेजारची म्हणून जास्त जिव्हाळ्याची. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारलं. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. संगीतिकांसाठी बांधलेल्या त्या वास्तूत पुढे सिनेमा आला. 1952 मध्ये ती गोंडलच्या महाराजांनी घेतली. 1993 मध्ये दारं बंद झाली ती थेट ऑक्टोबर 2016 मध्ये उघडली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेला जीर्णोद्धार अप्रतिम आहेच, पण माझ्या मते खरं श्रेय आणखी एका गोष्टीला आहे. इतकी वर्षं एक पैसा न कमावणारी इमारत राजघराण्याने विकली नाही. मालकच टिकला नसता, तर जीर्णोद्धार कशाचा करणार होतो?

गिरगावातल्या एका थिएटरच्या खुर्च्या खोलण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मालकांचा इतिहासच हाताला लागला. वर लाल मखमल, खाली तपकिरी रेक्झिन, त्याखाली पिवळा पडून भुगा होणारा फोम आणि तळाला दाबून बसलेला काथ्या. प्रत्येक नव्या मालकाने जुनं न काढता वरून नवं चढवलेलं. बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाय मात्र पहिलेच. घासल्यावर रंगाखालून वेलबुट्टी वर आली. इतकं साफ ओतकाम आज सहज करून मिळत नाही.

त्याच सुमारास दुसरीकडे आम्हाला मोठा फटका बसला. बाल्कनीच्या खुर्च्या तयार होऊन पडल्या होत्या आणि थिएटर चालवणारी कंपनी बदलली. नव्यांनी काम रद्द केलं, जुने पैशाबद्दल बोलेनात. तो सगळा माल एका शाळेच्या सभागृहाला बसवून सावरलो. तेव्हापासून बयाणा निम्मा घेतो, आणि भाडेपट्टा कधी संपतो हे आधी विचारतो.

सिंगल स्क्रीन कमी झाले तसं काम पालटलं. मल्टिप्लेक्सवाल्यांच्या खुर्च्या तयार येतात, मोडल्या की बदलतात. आमचं पोट आता नाट्यगृहं आणि शाळा-कॉलेजांच्या सभागृहांवर चालतं. माझी मुलगी हिशेब आणि ड्रॉइंग बघते. जुन्या खुर्च्यांची मापं आणि पायांचे लाकडी साचे करून ठेवायचा तिचा ध्यास आहे, आणि मला तो पटतो.

म्हणून एक विनंती. थिएटर विकताना किंवा पाडताना जुन्या खुर्च्या भंगारात काढण्याआधी आम्हाला एक फोन करा. बघायला यायचे पैसे आम्ही घेत नाही. पाय चांगले असतील तर भंगारापेक्षा जास्त भाव देऊ.