'अबँडन'च्या पुढची पाने: चिनी मैत्रिणीच्या इंग्रजी सरावाची सहामाही नोंद

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिच्याकडे रात्री साडेनऊला, आमची भाषांची देवाणघेवाण चालते. ती चीनमधल्या छंगतू शहरात हिशेबनिसाचे काम करते, मी पुण्यात राहून चार वर्षांपासून चिनी शिकतो आहे. पहिला पाऊण तास माझ्या चिनीचा आणि नंतरचा पाऊण तास तिच्या इंग्रजीचा, असा आमचा करार आहे. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी असल्यामुळे मी तिला 'जिएजिए' म्हणतो. चिनी भाषेत थोरल्या बहिणीला असेच म्हणतात. माझ्या चिनीबद्दल मी यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे. या वेळची नोंद तिच्या परवानगीने तिच्या इंग्रजीची आहे, कारण गेल्या सहा महिन्यांत खरी प्रगती तिचीच झाली.

तिने महाविद्यालयात असताना सीईटी-४ ही परीक्षा दिली होती. आपल्याकडे सीईटी म्हटले की प्रवेशपरीक्षा आठवते. चीनमध्ये मात्र १९८७ पासून घेतल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन इंग्रजीच्या परीक्षेचे हे नाव आहे. ७१० गुणांच्या या परीक्षेत ४२५ गुण मिळाले की उत्तीर्ण झाल्यासारखे मानतात, आणि जिएजिएला त्याहून बरेच अधिक मिळाले होते. तरीही जानेवारीत तिने मला सांगितले की आपण आजवर इंग्रजीतले एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नाही. शब्दांची पुस्तके मात्र तिच्याकडे चार होती. वर्णानुक्रमे लावलेल्या अशा पुस्तकांत सुरुवातीलाच 'अबँडन', म्हणजे सोडून देणे, हा शब्द भेटतो, आणि तो पाठ करून विद्यार्थी पुस्तकच सोडून देतात, हा चीनमधला घरोघरी चालणारा विनोद आहे. तिच्या चारही पुस्तकांची पहिली काही पाने मळलेली होती आणि उरलेली कोरी करकरीत.

पहिल्या महिन्यात मी एक परीक्षेतला उतारा तिला वाचायला दिला आणि खालचे पाच प्रश्न विचारले. चार उत्तरे बरोबर आली. नंतर मी उतारा झाकून लेखकाचे म्हणणे काय होते, असे विचारले, तेव्हा तिला दोन वाक्येही सांगता आली नाहीत. प्रश्न आधी वाचायचा, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि आजूबाजूच्या ओळीशी पर्याय जुळवायचे, अशी ती पद्धत होती. चाळीस मिनिटांत वाचनाचा सगळा विभाग संपवायचा असेल, तर तिला दोष देता येत नाही. पण हे वाचन नव्हे, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि परीक्षेचे उतारे बंद केले.

त्याऐवजी पुस्तक कसे निवडावे, यासाठी आम्ही हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासातला आकडा कसोटीला घेतला: कोणाच्या मदतीशिवाय कथा समजायची असेल, तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाचापेक्षा जास्त अनोळखी शब्द नकोत. जिएजिएने हौसेने आणलेल्या जाडजूड कादंबरीच्या पहिल्याच पानावर आम्ही एकवीस मोजले. तिचा चेहरा पडला. सोप्या केलेल्या गोष्टी वाचणे तिला आधी कमीपणाचे वाटत होते, पण मार्चपर्यंत तिची अशी तीन छोटी पुस्तके वाचून झाली. ती शब्दकोश न उघडता वाचली, हे मुद्दाम नोंदवतो. कोणते शब्द आधी पक्के करायचे, यासाठी इंग्रजीचे अध्यापनतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांची १९५३ सालची सुमारे २००० शब्दांची यादी आम्ही वापरली. ती आता जुनी झाली आहे, तरी पाया तपासायला पुरते. शिवाय वेस्ट यांचे वाचनशिक्षणाचे काम बंगालमध्ये घडले होते, म्हणून या यादीबद्दल मला थोडी आपुलकीही आहे.

शब्दांची अडचण मला वाटली होती त्याहून वेगळी निघाली. चिनी शब्द बहुधा आपला अर्थ उघड सांगतात. जिराफ म्हणजे 'लांब मानेचे हरीण', न्यूमोनिया म्हणजे 'फुप्फुसाचा दाह', सप्टेंबर म्हणजे 'नववा महिना'. आपला 'पंचकोन'ही असाच शब्द आहे, पण इंग्रजीत पाच आणि कोन या दोन्ही शब्दांशी 'पेंटॅगॉन'चे वरवर काही नाते दिसत नाही. प्रत्येक शब्द सुटा आणि मुका. यावर उपाय तिच्याच लिपीतून सापडला. नदी, सरोवर, समुद्र यांच्या चिनी अक्षरांत डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात आणि ते पाहूनच वाचकाला अर्थाची दिशा कळते. त्याच नजरेने इंग्रजी धातू पाहायचे, असे तिने सुचवले. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे, हा थेंब एकदा ओळखला की इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल हे एका घरातले होतात. वर्णानुक्रम मोडून तिने अँकी या उजळणीच्या ॲपमधली आपली सगळी शब्दकार्डे अशा कुटुंबांत लावली. शिवाय सुटा शब्द कार्डावर लिहायचाच नाही, असा नियम केला, कारण चिनीत पाऊस 'मोठा' आणि चहा 'दाट' असतो, तर इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि चहा 'स्ट्राँग'. आपला चहा कडक असतो, हे ऐकून तिला फार गंमत वाटली.

व्याकरणाकडे वळतो, कारण या नोंदीचा निम्मा आनंद तिथे आहे. चुकांच्या वहीत पहिल्या आठवड्यातच हे वाक्य आले: 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट.' मी लाल रेघ मारली आणि थबकलो, कारण हीच रेघ मला सातवीत मिळाली होती. चिनीत 'सुइरान' आले की पुढे 'दानशी' येते. मराठीत 'जरी' आले की 'तरी' येते. जोडीतला एक अर्धा इंग्रजीने परस्पर खाल्ला आहे, असे दोघांनाही वाटते. 'डोन्ट यू लाइक इट?' या प्रश्नाला तिने 'यस' म्हटले, त्याचा अर्थ 'हो, आवडत नाही' असा होता, आणि आपणही तेच म्हणतो. तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत: एक आमच्या दोघांच्या समाईक चुकांचा, दुसरा फक्त तिच्या चुकांचा.

दुसऱ्या रकान्यातली सर्वांत चिवट चूक 'ही' आणि 'शी'ची. आई, बहीण, शेजारीण, सगळ्यांना ती बोलताना अधूनमधून 'ही' म्हणे. तो, ती, ते मराठीतही वेगळे असल्यामुळे मला हा निष्काळजीपणा वाटत होता. प्रत्यक्षात चिनी उच्चारात तिघांनाही 'ता' हा एकच शब्द आहे. लिखाणात अक्षरे वेगळी आहेत, पण त्यांतले स्त्रीलिंगी अक्षर १९२० च्या सुमारास कवी आणि भाषातज्ज्ञ लियू बान-नोंग यांच्यामुळे प्रचारात आले; ऐकणाऱ्या कानाला तो भेद आजही नाही. म्हणूनच ती लिहिताना क्वचित चुकते आणि बोलताना वारंवार. नियम सांगून उपयोग नव्हता, तो तिला ठाऊकच होता. एक पुरुष आणि एक स्त्री असलेली छोटी गोष्ट वाचून ती तोंडी सांगायची आणि प्रत्येक सर्वनामाआधी क्षणभर थांबायचे, हा सराव आम्ही दहा आठवडे केला. सुरुवातीला एका गोष्टीत सहा-सात चुका होत, आता एक किंवा दोन होतात. मात्र ती दमलेली असली की आकडा पुन्हा वर जातो.

काळाचा प्रश्न याहून खोल होता. चिनी क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत. क्रिया पूर्ण झाल्याची खूण म्हणून 'ल' जोडता येतो, आणि बरेच विद्यार्थी त्या 'ल'ला इंग्रजी भूतकाळ समजतात. जिएजिएने लिहिले, 'टुमॉरो आय एट डिनर, देन आय गो.' चूक उघड होती, पण तिचे मूळ चिनी वाक्य मी मनात मराठीत आणले तेव्हा ते असे आले: 'उद्या मी जेवलो की निघेन.' उद्याची गोष्ट आणि 'जेवलो'! आपणही इथे काळ नाही, पूर्णता सांगतो. उलट बाजूने, लहानपणी आपण खेड्यात राहत होतो, हे सांगताना चिनीत 'ल' लागत नाही, कारण तिथे पूर्ण झालेली घटना नसून स्थिती आहे. म्हणून ती 'आय लिव्ह इन अ व्हिलेज' असे लिहून मोकळी होई. म्हणजे तिच्या चुका विखुरलेल्या नव्हत्या. जिथे 'ल' येतो तिथे नको तेव्हाही भूतकाळ, आणि जिथे येत नाही तिथे हवा तेव्हाही वर्तमानकाळ, असे त्यांचे नियमित रूप होते. हे कळल्यावर तिने एप्रिलमध्ये जुने परिच्छेद घेऊन प्रत्येक क्रियापदाखाली 'केव्हा?' एवढाच प्रश्न लिहिला, 'झाले का?' हा प्रश्न खोडला, आणि सगळे पुन्हा लिहून काढले. हे काम कंटाळवाणे होते, पण सहा महिन्यांत सर्वाधिक फरक यानेच पडला.

वाचनात ती अजून अडते ती लांब नामविशेषणी वाक्यांशी. 'मी काल विकत घेतलेले पुस्तक' ही रचना चिनीत शब्दश: याच क्रमाने येते, इंग्रजीत पुस्तक आधी येते आणि त्याची माहिती मागून. 'द टीचर हू टॉट माय सन लास्ट इयर हॅज मूव्ह्ड टू दालियान' या वाक्यात मुलगाच दालियानला गेला, असे तिने सांगितले. आता ती पेन्सिलीने 'हू'पासून 'इयर'पर्यंत कंस घालते, कंसाबाहेर उरलेले आधी वाचते आणि मग कंसात शिरते. वेग मंदावला आहे, अर्थ मात्र सुटत नाही.

संख्यांसाठी वेगळी पाच मिनिटे ठेवली आहेत. तिचे मोठे एकक 'वान', म्हणजे दहा हजार, माझे लाख. साडेतीन मिलियन म्हणजे तिचे ३५० वान आणि माझे ३५ लाख. बातमी वाचताना दोघेही कागद ओढतो आणि यात हिशेबनीस नेहमी जिंकते.

तिची मेमधली दोन रविवारची सत्रे वर्षातल्या हिशेबाच्या कामामुळे बुडाली, आणि कार्डांची थकबाकी चारशेच्या वर गेली. तिने ती सगळी थकबाकी एका रात्रीत न संपवता सरळ निम्मी कार्डे काढून टाकली. मी हळहळलो, पण आता मला तो निर्णय योग्य वाटतो.

गेल्या रविवारी तिने जानेवारीतली ती जाडजूड कादंबरी पुन्हा काढली आणि पहिले पान मोठ्याने वाचले. आम्ही अनोळखी शब्द मोजले, ते नऊ भरले. पाचाच्या कसोटीत पुस्तक अजून बसत नाही, म्हणून तिने ते कपाटात परत ठेवले, आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजायचे असे वहीत माझ्याकडून मराठीत लिहून घेतले.