हात न लावलेल्या जीटीओची किंमत काढताना

शेजारच्या आजींचा प्रश्न साधा होता. गॅरेजमधली गाडी विकायची आहे, किती सांगू? गाडी म्हणजे पॉन्टिॲक या अमेरिकन कंपनीची १९६८ ची जीटीओ. दोन दारांची हार्डटॉप (बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेली), ४०० घनइंची इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, गडद हिरवा रंग. आजोबा पॉन्टिॲकच्या कारखान्यात होते. त्यांनी गाडी नवी घेतली, मनसोक्त पळवली, मग मुलं झाल्यावर गॅरेजात लावली ती लावलीच. ते गेल्यावर एक जुन्या गाड्यांचा दलाल दारात येऊन नऊ हजार डॉलर रोख देतो म्हणाला. दुसरीकडे आजींच्या भाच्याने इंटरनेटवर अशाच गाडीची साठ हजारांची जाहिरात पाहिली होती आणि त्याचं म्हणणं, आधी मस्त रंग मारून घेऊ. आता नऊ खरे की साठ?

मी मूळचा पिंपरीचा, इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला एका सप्लायरकडे नोकरीला. ब्रेकचं मला कळतं, पण जुन्या गाडीच्या भावातलं नाही. म्हणून महाराष्ट्र मंडळातल्या कुलकर्णीकाकांना फोन लावला. ते सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला आले आणि त्यांच्याकडे स्वतःची फायरबर्ड आहे, तीही पॉन्टिॲकचीच. फोनवर पहिलं वाक्य, "अरे, धुऊ नका रे तिला! धूळसुद्धा पुसू नका. मी येतोय."

न धुण्यामागे कारण आहे. रंग मारलेली, चकचकीत जीटीओ बाजारात हवी तेवढी मिळते. कारखान्यातून निघाल्यापासून कोणी खोललेली नाही अशी गाडी दुर्मीळ, आणि तसं सिद्ध करायचं तर पुरावे जागच्या जागी लागतात. बोनेटखाली मागच्या पत्र्यावर तपासनिसाने खडूने ओढलेली रेघसुद्धा पुरावाच. धुतली की गेली.

काकांनी आल्या आल्या टॉर्च काढला आणि काचेतून डॅशबोर्डवरची नंबरपट्टी वाचली. १९६८ पासून या गाड्यांवर हा नंबर बाहेरून दिसेल असा लावला जाऊ लागला. सुरुवात २४२ ने होती, आणि काकांचा चेहरा खुलला. १९६४ आणि ६५ मध्ये जीटीओ ही ले मान्स गाडीवरची नुसती ऑप्शन होती, त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीच्या नंबरावरून काहीच कळत नाही. १९६६ पासून तिला २४२ ही स्वतंत्र मालिका मिळाली. म्हणजे ६८ च्या गाडीवर २३७ दिसलं, तर ती जीटीओचे बिल्ले चिकटवलेली ले मान्स. अशा बहुरूपी गाड्या बाजारात भरपूर आहेत. पुढे ३७ म्हणजे हार्डटॉप, ८ म्हणजे वर्ष आणि 'पी' म्हणजे पॉन्टिॲक गावचा कारखाना. आमच्या घरापासून काही मैलांवर ही गाडी तयार झाली होती.

मग इंजिन. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या खाली दोन अक्षरांचा कोड असतो. त्यावर ग्रीस आणि मातीचा इतका जाड थर की काही दिसेना. मी तारेचा ब्रश उचलला तर काकांनी हातातून काढून घेतला. फडक्यावर ब्रेक क्लीनर मारून हळूहळू पुसत गेलो. आधी 'डब्ल्यू' उमटला, मग 'टी'. डब्ल्यूटी म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं ४००, मॅन्युअल गिअरबॉक्ससाठीचं. शेजारी गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले होते आणि ते डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळले. 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात ते हेच. हेडवर १६ हा आकडा, कार्ब्युरेटर रॉचेस्टर क्वाड्राजेट, त्याचा नंबर ७०२८ ने सुरू होणारा, म्हणजे १९६८ चाच. कोणी काही बदललेलं नव्हतं.

कागदाची बाजू पॉन्टिॲकवाल्यांना फार सोपी आहे. पीएचएस नावाची संस्था कारखान्याच्या बिलांच्या जुन्या नोंदी सांभाळून आहे. गाडीचा नंबर आणि शुल्क पाठवलं की त्या गाडीचं डीलरला गेलेलं मूळ बिल मिळतं, एकेका ऑप्शनसकट. आमच्या बिलात बोनेटवर बसवलेला टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) होता, गाडीवरही होता. हा टॅकोमीटर मागाहून बसवलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात, त्यामुळे बिलात त्याची ओळ सापडणं म्हणजे थेट पैसे. शिवाय मागच्या सीटच्या स्प्रिंगांत उंदरांनी निम्मी खाल्लेली बिल्ड शीट निघाली. असेंब्ली लाइनवर गाडीबरोबर फिरणारा हा कागद कामगार काम झाल्यावर कुठेही कोंबून द्यायचे. काकांनी तो फुलासारखा उचलून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पडतं, आणि पत्रा खाल्लेला असेल तर बाकीच्या कौतुकाला फारसा अर्थ उरत नाही. मला विचाराल तर किंमत ठरते ती गाडीखाली आडवं पडून. वरून रंग बघून भाव सांगणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही.

या गाड्या कुठे कुजतात ते ठरलेलं आहे. मागच्या काचेच्या खालच्या कडेला पाणी साठतं, तिथून ते डिकीत झिरपतं, आणि डिकीचा तळ, स्टेपनीचा खड्डा, मागच्या चाकांवरचे पत्रे एकामागोमाग जातात. आम्ही डिकीतलं मॅटिंग उचललं तर खाली बोट जाईल एवढं भोक. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर लोहचुंबक धरला, तर खालच्या वीतभर भागात तो चिकटेना. तिथे पुट्टी. आजींना विचारलं तेव्हा आठवलं, फार पूर्वी एकदा खांबाला घासली होती. मग चॅसीखाली शिरलो. मागच्या अॅक्सलवरून जिथे ती वर वळते, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. बसका आवाज आला तर चॅसी बदलायची, मग किंमत निम्म्यावर. सगळीकडे खणखणीत आवाज आला. वरचा गंज घासला की निघणारा होता. आजोबांनी गाडी मीठ पडायच्या आधी गॅरेजात नेली होती, त्याचं हे फळ.

रंग मूळचाच निघाला, व्हर्डोरो ग्रीन. बोनेटखालच्या डेटा प्लेटवर 'क्यू' हा कोड तोच. जाडी मोजायचं यंत्र लावलं तर घासलेला भाग सोडून सगळीकडे पातळ, सारखा थर. फक्त नाक, म्हणजे पुढचा एंड्युरा बंपर, फिक्कट आणि बारीक तडकलेला. दलालाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं की पुढून ठोकलेली गाडी आहे. एंड्युरा ६८ लाच आला. रबरासारखं लवचीक मटेरिअल, त्यावर गाडीच्या रंगाचाच पण लवचीक लेप. तो धातूवरच्या रंगाच्या जोडीने जुना होत नाहीच. भाव पाडायला लोक काय काय सांगतात!

इंजिन चालू करायची घाई केली नाही. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं, चार दिवस मुरू दिलं, मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवलं. फिरलं. टाकीतलं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारत होतं, म्हणून टाकीला न जोडता बाहेरच्या डब्यातून पेट्रोल दिलं. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि मग चालू राहिलं. आजी गॅरेजच्या दारात कानांवर हात ठेवून हसत होत्या. ब्रेकवर खर्च केला नाही, कारण घेणारा ते सगळं उलगडणारच असतो. ट्रेलरवर चढवण्यापुरती ती चालत होती, तेवढं पुरे.

आता आकडा. जाहिरातीतली किंमत ही मालकाची इच्छा असते, ती मी बघितलीच नाही. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या ६८ च्या हार्डटॉप शोधल्या, त्यातल्या चार गिअरच्या आणि मूळ इंजिनच्या वेगळ्या काढल्या. जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या प्राइस गाइडमध्ये गाड्यांच्या एक ते चार अशा श्रेणी असतात, एक सर्वांत चांगली. आमची गाडी चौथीच्याही खाली, पण अस्सलपणात वरची. डिकीचा तळ आणि कमानीच्या पत्रेकामाचा अंदाज दोन दुकानांतून घेतला आणि वजा केला. भाच्याच्या रंगकामाचाही हिशेब मांडला. नीट डेंटिंग-पेंटिंग, क्रोम, आतलं काम धरून खर्च गाडीच्या वाढणाऱ्या किमतीच्या पुढे जात होता, आणि मूळ रंग गेला तो गेलाच. भाचा गप्प झाला. आम्ही चोवीस ते अठ्ठावीस हजार ही पट्टी ठरवली. काका म्हणाले, "वरच्या टोकाने सुरुवात करा आणि भोकाचा फोटो पहिला टाका." सल्ला अनुभवी माणसाचा होता. दोष आधीच दिसल्यावर घासाघीस करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

दलाल परत आला, पंधरापर्यंत चढला, आणि आजींनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षकाने दोन तास गाडीखाली आडवं पडून सगळं तपासलं आणि साडेसव्वीस हजाराला सौदा झाला. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, अजून आजोबांच्या नावावर होतं, त्याचा सोपस्कार सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (म्हणजे इथल्या आरटीओत) आधीच उरकून ठेवला होता, नाहीतर तिथेच अडलं असतं. त्या शिक्षकाने पीएचएसचं बिल, उंदरांनी खाल्लेली शीट आणि आमचे सगळे फोटो मागून घेतले. विमा 'अग्रीड व्हॅल्यू'चा घ्यायचा म्हणाला, म्हणजे कंपनीशी किंमत आधीच ठरवायची आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढीच मिळवायची. रंगाला तो हात लावणार नाही, डिकीचा तळ तेवढा बदलणार.