साइड व्हीलची गाडी आणि तासगाव रोड

दुचाकीला रस्त्यात एकच वाट लागते. माझ्या गाडीला तीन लागतात. मधे गाडीची मूळ चाकं आणि मागे दोन्ही अंगांना एकेक साइड व्हील. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, म्हणून बुधगावहून तासगाव रोडनं सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर कामाला जायला मी स्कूटरला ही चाकं बसवून घेतली.

कागदांचं थोडक्यात सांगते. चाकं बसवली की गाडी रस्त्यावर आणता येते असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलाचे नियम आहेत. बदल आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढवून घ्यावा लागतो. लायसन्सही अशाच गाडीचं लागतं. विमा कंपनीला लेखी कळवून पोच घेतली, कारण अपघात झालाच तर पहिला प्रश्न तिथूनच येतो.

खरा वेळ गेला तो चालवायला शिकण्यात. चुलतभाऊ शिकवायला आला. त्याचा हात बुलेटवर बसलेला. "ताई, वळणावर झुकव गाडी," असं तो सारखं सांगायचा. पण ही गाडी झुकतच नाही. दुचाकी वळताना आत कलते, हिची चाकं तिला सरळ उभी धरतात आणि सगळा जोर बाहेरच्या चाकावर जातो. वेग जास्त असला तर आतलं चाक उचलतं. हे चाकं बसवणाऱ्या मिस्त्रींनी मला गाडी ढकलून दाखवलं आणि म्हणाले, "गाडी कलणार नाही, तुम्ही कला. आणि ब्रेक वळणाच्या आधी." मैदानावर तेवढंच घोटून घेतलं. वळणाआधी वेग उतरवायचा, अंग आत टाकायचं, हँडल हळू फिरवायचं.

मैदान सपाट असतं, रस्ता नसतो. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी सतत डावीकडे ओढते. सुरुवातीला वाटेतलं माधवनगर येईपर्यंत खांदे भरून यायचे. मागचे लोक हॉर्न मारून कडेला दाबतात आणि कडेलाच सगळ्यात जास्त धोका. साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली असते. डावं चाक तिथं उतरलं की गाडी उलटायलाच निघते. म्हणून मी कडेपासून हातभर आतच चालवते. कुणी कितीही हॉर्न दिला तरी.

खड्ड्यांचं गणितही निराळं. दुचाकीवाला खड्ड्याला वळसा घालतो, मला कोणतं चाक खड्ड्यात घालायचं ते ठरवावं लागतं. शक्यतो साइड व्हील, तेही हळू. मधल्या खळग्यात मागचं चाक आलं आणि दोन्ही साइड व्हील काठांवर टेकली, तर मागचं चाक अधांतरी फिरतं. इंजिनाचा जोर त्याच चाकावर, त्यामुळे गाडी जागची हलत नाही. पावसाळ्यात पाणी साचलं की हा खळगा दिसतही नाही. तिथं मी पुढच्या गाडीची चाकं किती बुडतात ते बघते आणि मगच जाते.

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की जास्त जपावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बाहेर आलेला ऊस आणि कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रस्त्यावर सांडलेला ऊस दुचाकी चुकवते. माझं एक तरी चाक त्यावर जातंच. ट्रॉली आणि डिव्हायडर यांच्यातली फट दुचाकीला पुरते, मला नाही. लोक ओव्हरटेक करताना माझ्या हँडलची रुंदी बघतात, चाकांची नाही. म्हणून दोन्ही मडगार्डांच्या बाहेरच्या कडेला लाल रेडियम लावलंय, आणि त्या दिवसांत अंधार पडायच्या आत निघायचं हे अडतीवर मालकांशी बोलून ठेवलंय.

चाकं बसवून घेणार असाल तर दोन्ही साइड व्हीलची उंची आणि हवा सारखी आहे का ते रिकाम्या सरळ रस्त्यावर तपासा. एका बाजूला हवा कमी असेल तर गाडी तिकडेच ओढेल आणि तुम्ही दोष उताराला द्याल. मी आता दर आठवड्याला बुधगावातच पंक्चरवाल्याकडे हवा बघून घेते.