आमची वाटचाल : जळक्या मोटरी आणि अडकलेली बिलं

नाशिकच्या सातपूरला भाड्याच्या गाळ्यात मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तांब्याची तार भरायचं काम, सुरू केलं ते 2006 साली. हिशेब माझा आणि हात मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे माझे भागीदार, वयाने वडिलांसारखे. त्यांनी स्वतः घडवलेले सागवानी फॉर्मे (तारेची कॉइल गुंडाळायचे साचे) अजून भिंतीला टांगलेत: तीन, पाच, साडेसात एचपी. तारेवरून नुसतं बोट फिरवून ते गेज, म्हणजे तारेची जाडी, सांगायचे. मायक्रोमीटर लावायचे ते आमचा विश्वास बसावा म्हणून.

पुढची बारा वर्षं चालली तशी चालली.

ऑक्टोबर 2018मध्ये सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सिन्नर होतं. बोअरचं पाणी खाली गेलं की सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, कोरडी फिरते. तिला थंड ठेवतं ते पाणीच. मग आधी भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंग जातं, मागोमाग वाइंडिंग, म्हणजे आतली तार. गाळ्यापुढे मोटरींची रांग लागली. शेजारी म्हणायचे, शेठ, यंदा चांदी आहे तुमची. चांदी कसली! रांगेतल्या निम्म्याहून जास्त मोटरी एका सरकारी कार्यालयाच्या (नाव घेत नाही, अजून त्याच जिन्याने चढायचंय). तांबं आणायचं रोखीने आणि बिल पडून राहायचं टेबलावर. आधी मार्चअखेर, मग लोकसभेची आचारसंहिता, मग साहेबांची बदली. नऊ महिने गेले. दोन महिन्यांचे पगार तर मी जळकं तांबं भंगारात घालून केले.

बिल मागायला गेलो की ऐकवायचे, दुसरा तुमच्यापेक्षा स्वस्तात करतो. पुढच्या वर्षी काम त्यालाच मिळालं. त्याने भरलेली एक मोटर चार महिन्यांत आमच्याकडे आली. उघडली तर तार एक गेज बारीक आणि वेढेही कमी. मिस्त्री काही बोलले नाहीत, कॉइल कापून माझ्या टेबलावर ठेवली. ती मी जपून ठेवलीय.

त्या काळात वेळेवर पैसे दिले ते सिन्नरकडच्या एका छोट्या ग्रामपंचायतीने. पाणीपट्टी जमा झाली की सरपंचताई ग्रामसेवकाला शेजारी बसवून दोघांच्या सह्यांचा चेक पाठवायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, मोटर जळल्यावर तुमच्याकडे येतो, जळूच नये म्हणून काही करा ना." मग त्यांच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला आठ दिवस गाळ्यात बसवलं. अ‍ॅम्पिअर बघायला शिकवलं, स्टार्टरला ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्र) बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. स्वतःच्याच पायावर धोंडा, असं बरेच जण म्हणाले. त्या गावची मोटर पुढे दोन वर्षं आली नाही, हेही खरं. पण ताईंनी शेजारची तीन गावं आमच्याकडे पाठवली.

नव्याने धंद्यात पडणाऱ्यांना सांगतो, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधी करा, बिल अडकल्यावर नाही. 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा 2006चाच आहे, पण कागद तुमच्या हातात हवा. आणि तोंडी ऑर्डरवर मोटर उघडू नका, साहेब कितीही गोड बोलले तरी.

कारागीर तोवर अंबडच्या कंपन्यांत निघून गेले होते. म्हणून सातपूरच्या आयटीआयत गेलो. चार माणसांच्या गाळ्यालाही अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेता येतो, हे मला तिथे कळलं. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1,500 रुपये महिना, केंद्राकडून मिळायचा. कागदपत्रांनी जीव काढला, पण ते पैसे आले. पहिला पोरगा वाइंडिंगचा डायग्राम कागदावर झकास काढायचा आणि मोटरीच्या खाचेत (स्लॉटमध्ये) इन्सुलेशनचा पेपर उलटा घालायचा. मिस्त्री दिवसभर करवादायचे. संध्याकाळी त्यालाच चहाला न्यायचे.

त्या पोराने आता सिन्नरला स्वतःचं दुकान टाकलंय. आमची दोन गिऱ्हाइकंही नेली. परवा मिस्त्रींकडून साडेसात एचपीचा फॉर्मा मागून नेला, अजून परत केलेला नाही. मिस्त्री म्हणतात, राहू दे त्याच्याकडे.