व्हिनेगरला आठ दिवस द्या

फळ, साखर आणि व्हिनेगर यांचे पेय मी पहिल्यांदा केले, तेव्हा गाळून होताच पेला भरला आणि मोठा घोट घेतला. नाकात असा झणका गेला की बाटलीला झाकण लावून मी ती फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून दिली. आठ-दहा दिवसांनी ती ओतून टाकावी म्हणून उघडली, तर आधी वास आला तो पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा, आणि व्हिनेगर त्याच्यामागे कुठेतरी दबलेले होते. थोडे पेल्यात घेतले, थंड पाणी ओतले आणि प्यायलो. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हे पेय मी करतो, आणि ज्याला कृती सांगतो त्याला आधी एवढेच बजावतो की पहिल्या दिवशीच्या चवीवरून निकाल देऊ नका.

इंग्रजीत या पेयाला ‘श्रब’ म्हणतात. हा शब्द, आपले ‘सरबत’ आणि पाकाला म्हणतात ते ‘सिरप’ हे तिन्ही ‘पिणे’ या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. कल्पनाही जुनी आहे. रोमन सैनिक पाण्यात आंबट व्हिनेगर मिसळून ‘पोस्का’ पीत असत, तर फारसीतल्या ‘सिकंजबीन’ या नावात सिरका म्हणजे व्हिनेगर आणि मध हे दोन्ही शब्द दडलेले आहेत. फ्रिज नव्हता त्या काळात हंगामातले फळ पुढे टिकवायचे तर आम्ल आणि साखर हीच खात्रीची साधने होती, आणि हे पेय त्या गरजेतून घडत गेले.

रूढ प्रमाण फळ, साखर आणि व्हिनेगर समसमान असे आहे. मला ते फार गोड वाटते, म्हणून मी 500 ग्रॅम फळाला 400 ग्रॅम साखर आणि 350 मिलिलिटर व्हिनेगर घेतो. फळ पूर्ण पिकलेले हवे. थोडे मऊ पडलेले, डाग पडलेला भाग काढून टाकलेले फळही उत्तम चालते, कारण आपल्याला त्याचा आकार नको, रस आणि गंध हवा आहे. बुरशी लागलेले फळ मात्र त्या भागापुरते कापूनही वापरू नये. स्ट्रॉबेरी, आलुबुखार, पीच, चेरी, अननस ही फळे चटकन रस सोडतात. सफरचंद आणि नासपती किसून घ्यावी लागतात. केळे या कामाचे नाही, त्याचा नुसता चिकट लगदा होतो. आणि कलिंगडाचा रस इतका पाणीदार असतो की व्हिनेगरपुढे त्याची चव टिकत नाही.

काही जण साखरेचा पाक करून त्यात फळ शिजवतात. अर्ध्या तासात काम होते हे खरे, पण उष्णतेने फळाचा ताजा गंध उडून जातो आणि चव मुरंब्याकडे झुकते. मला गार पद्धतच पटते. फळाच्या फोडी काचेच्या भांड्यात घालून हाताने किंचित चुरडाव्यात, साखर मिसळावी, झाकावे आणि भांडे रात्रभर किंवा पूर्ण 24 तास फ्रिजमध्ये ठेवावे. साखर फळाच्या पेशींतले पाणी बाहेर खेचून घेते. रात्री कोरडी, दाणेदार दिसणारी साखर सकाळी निम्मी नाहीशी झालेली असते, फोडी आक्रसून सुरकुतलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती गडद लाल, पारदर्शक पाक जमलेला असतो. एक थेंबही पाणी न घालता एवढा रस निघतो, हे दृश्य मला दर वेळी थांबून पाहावेसे वाटते. संत्रे किंवा लिंबू वापरायचे असेल, तर सालीचा फक्त वरचा रंगीत थर किसून तो आधी साखरेबरोबर बोटांनी चोळावा. त्यातले सुगंधी तेल साखरेत उतरते.

यानंतर पाक बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या कापडातून गाळावा. चोथा दाबला तर रस थोडा जास्त मिळतो, पण पेय गढूळ होते. मी तो आपोआप निथळू देतो. भांड्याच्या तळाशी न विरघळलेली साखर चिकटून राहते. ती टाकू नये. मोजलेले व्हिनेगर त्याच भांड्यात ओतून ढवळावे, म्हणजे ती त्यात विरघळते, आणि मग ते पाकात मिसळावे.

व्हिनेगर कोणते, यावर निम्मी चव ठरते. साधारणपणे व्हिनेगरमध्ये 4 ते 6 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असते, पण आंबवून केलेल्या व्हिनेगरला त्याच्या मूळ फळाचा किंवा धान्याचा स्वतःचा गंध असतो, तर निव्वळ आम्ल पाण्यात मिसळून केलेल्या कृत्रिम व्हिनेगरला फक्त धार असते. या पेयासाठी कृत्रिम व्हिनेगर घेऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. सफरचंदाचे व्हिनेगर बहुतेक फळांशी जमते. पीचसारख्या नाजूक फळाला तांदळाचे सौम्य व्हिनेगर अधिक शोभते.

बाटली काचेची असावी आणि झाकणाकडे विशेष लक्ष द्यावे. एकदा मी पत्र्याचे झाकण लावले होते. दोन आठवड्यांनी त्याच्या आतल्या बाजूला तपकिरी गंजाचे कडे उमटले आणि सगळे पेय टाकून द्यावे लागले. आम्ल धातूला खाते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि पितळ यांची भांडी या कामात आणूच नयेत. बाटलीवर तारीख लिहून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि रोज एकदा हलवावी. या आठ दिवसांत आम्ल कुठे जात नाही, त्याचे प्रमाण तेवढेच राहते. पण उरलीसुरली साखर विरघळते, फळाचा गंध आणि आम्ल एकमेकांत मुरतात आणि जिभेला ते दोन वेगळे पदार्थ वाटेनासे होतात. फ्रिजमध्ये हा अर्क काही महिने सहज टिकतो. त्यात बुडबुडे येऊ लागले, फेस आला किंवा वर बुरशी दिसली, तर मोह न धरता टाकून द्यावा.

पिताना एक भाग अर्काला चार ते सहा भाग थंड पाणी किंवा सोडा घ्यावा. नुसता अर्क पिऊ नये, कारण एवढे तीव्र आम्ल दातांच्या आवरणाला आणि घशाला त्रासदायक असते. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरलेली बरी. मी पेल्यात आधी अर्क ओततो, मग बर्फ, आणि शेवटी सोडा अगदी सावकाश. लाल रंग तळाशी दाट राहतो, वर जाता जाता फिकट गुलाबी होतो, आणि चमच्याने एकदाच ढवळले की फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबर स्ट्रॉबेरीचा वास थेट नाकाशी येतो.