रिकंबंट सायकलवरचा पहिला तास

एका परिचितांकडे दोन रिकंबंट सायकली आहेत. आरामखुर्चीत रेलावे तसे सीटवर मागे रेलायचे आणि पाय समोर लांबवून पेडल मारायचे, अशी त्यांची रचना असते. त्यांपैकी एक तीनचाकी आहे, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, आणि दुसरी आखूड बांध्याची दुचाकी. दोन्ही चालवून पाहण्याची संधी मला नुकतीच मिळाली.

तीनचाकीत शिकण्यासारखे फारसे नव्हते, कारण तोल सांभाळण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. सूचना एकच मिळाली, पण ती दोनदा: पाय पेडलला अडकवूनच ठेवायचे. पाऊल निसटून जमिनीला टेकले, तर चालती सायकल ते मागे ओढून आपल्याच खाली घेते आणि पाय जायबंदी होऊ शकतो.

दुचाकीने मात्र घाम काढला. तिचे पेडल सीटपेक्षाही उंचावर असल्यामुळे एक पाय जमिनीवर टेकवून, दुसरा समोरच्या पेडलवर ठेवून, पाठ पूर्ण टेकवून एका दमात जोर लावावा लागतो. मी जुन्या सवयीने मान आणि खांदे उचलून पुढे झुकलो, हँडल घट्ट आवळले, आणि सायकल दोन नागमोडी वळणे घेऊन आडवी झाली. बसणेच इतके खाली की कोपर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. खाली बसल्यावर तोल सोपा जाईल हा माझा समज उलटा निघाला. तळहातावर लांब काठी उभी तोलता येते, पेन्सिल येत नाही, कारण पेन्सिल फार लवकर कलते. तसेच इथेही होते. शिवाय साध्या सायकलवर आपण नकळत अंग इकडेतिकडे झुकवून तोल सावरतो, तर इथे पाठ सीटला टेकलेली असल्याने ते काम जवळजवळ सगळे हँडलवर येते, आणि आवळलेल्या हातांना ते जमत नाही. सहाव्या प्रयत्नात खांदे सैल सोडले, नजर स्वतःच्या बुटांवरून काढून दूर रस्त्यावर लावली, तेव्हा कुठे ती सरळ धावली. मग एका अरुंद वळणावर टाच पुढच्या चाकाला घासली. त्या टायरचा काळा ओरखडा बुटावर अजून आहे.

चढावर उभे राहून पेडलवर वजन टाकता येत नाही, त्यामुळे हलका गिअर लावून भराभर पाय फिरवण्याखेरीज गत्यंतर नसते. सपाट रस्त्यावर समोरून वारा आला, की मात्र या बैठकीचा फायदा अंगाला जाणवतो, कारण वाऱ्याला अडायला शरीर फारसे उभेच नसते. याच फायद्यामुळे 1933 साली फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशा सायकलवर फ्रान्सिस फोर यांनी तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापून ऑस्कर एग यांचा 1914 पासूनचा विक्रम मागे टाकला होता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली, की ही रचना तिच्यात बसूच नये. मला तो निर्णय आजही कोता वाटतो.

मनगटे आणि मान दुसऱ्या दिवशी अजिबात दुखली नाहीत. मांड्या मात्र भलत्याच जागी भरून आल्या. चढावर थांबून पुन्हा निघणे अजून जमलेले नाही, म्हणून ती दुचाकी मी आणखी आठवडाभरासाठी मागून घेतली आहे.