घोडीला हात नसतात

दत्तजयंती जवळ आली की धुळ्यातल्या आम्हा वेल्डिंगवाल्यांकडे एक वेगळंच काम येतं. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा बाजार असतो. मग ज्याच्या त्याच्या दारातल्या पिकअपची उलटी घोडागाडी होते : गाडी खाली, घोडा वर.

त्या वर्षी जवळच्या गावातून एक आप्पा आले. सोबत नातू, तोच ड्रायव्हर. पिकअप जुनी घेतलेली, आतापर्यंत कांदे आणि सिमेंट वाहिलेली. "साठ इंच उंचीची मारवाडी घोडी आहे. पहिल्यांदाच गाडीत चढणार," एवढंच आप्पा बोलले आणि टायरवर बसून तंबाखू मळायला लागले.

माझा हिशेब सोपा होता. गाडी १३०० किलोला पास, घोडी फार तर ४०० किलो. निम्मासुद्धा लोड नाही. "आप्पा, गाडी चाललीय हे तिला कळणारसुद्धा नाही," मी म्हणालो. छातीपुढे एक आडवा पाईप, पुठ्ठ्यामागे दोन, दोन्ही बाजूंना बांबू. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम आहेत, त्यात घोड्यासाठी बांबू किमान ८ सेंटिमीटर जाडीचा सांगितलाय. तो मी मोजून घेतला. वरच्या ताडपत्रीच्या कमानी साडेसहा फुटांवर होत्या. घोडीनं मान उचलली की कान त्यांच्या वर. म्हणून त्या कापून आठ फुटांवर नेल्या आणि गोधडीचे तुकडे गुंडाळले. दुपारी दोनला मी हात धुतले.

आप्पा उठले. खांद्यावरचा रुमाल काढला आणि हौद्याच्या आतल्या कडेवरून सावकाश फिरवत निघाले. मागचा उघडणारा फाळका, बिजागरी, प्रत्येक जोड. मी नुसता बघत होतो. रुमाल तीन ठिकाणी अडकला, एकदा तर दोराच ओढला गेला. वेल्डिंगचे शिंतोडे. डोळ्याला दिसत नव्हते इतके बारीक. "कातडी याहून मऊ असते, मिस्तरी." मी मुकाट्यानं ग्राइंडर लावला.

मग म्हणाले, "आता हौद्यात चढा."

"कशाला?"

"चढा तर. मधोमध उभे राहा. हात पाठीमागे बांधा. कशाला धरायचं नाही, घोडीला हात नसतात."

कारागीर पोरं दात काढायला लागली होती. नातवानं गाडी काढली. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. रस्त्याला लागल्यावर पहिल्या खड्ड्यात हौदा असा उडाला की दातावर दात आपटले. पुढे एक म्हैस आडवी आली, पोरानं ब्रेक दाबला, आणि मी तळाच्या चेकर प्लेटच्या पत्र्यावरून सरकत छातीच्या पाईपाखालून थेट केबिनच्या पत्र्यावर. गुडघा फुटला. वीस वर्षं गाड्यांची कामं करतोय, हौद्यात असा उभा कधीच राहिलो नव्हतो.

चूक माझ्याच हिशेबात होती. कमी लोड म्हणजे आराम, असं मी धरून चाललो. पण मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, १३०० किलोसाठी घडवलेले. वर वजनच नसेल तर ते वाकतच नाहीत, प्रत्येक दणका सरळ पायात येतो. त्यात मागच्या टायरला भरल्या गाडीची हवा.

आप्पांचा उपाय होता वाळू. खाली तीन इंच वाळू, वर पाचट. हल्ली वाळू म्हणजे सोनं, पण शेजारच्या बांधकामावर ओळख होती. नऊ बाय साडेपाचचा हौदा, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास वाळू बसली. घोडी आणि माणूस धरूनही लोड पासिंगच्या आत. पाटे दबले, टायरची हवा थोडी उतरवली. खुराला पकड मिळाली, मूतही तिथेच जिरणार. चौथा फायदा मला सकाळी कळला.

पहाटे त्यांच्या शेतात गेलो, खरं तर बोलावलं नसताना. पिकअप मागे घेऊन बांधाला टेकवली होती, फाळका आणि बांध एका पातळीत. घोडीनं वाळू हुंगली, एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "पत्रा असता तर पोकळ वाजला असता," आप्पा हळूच म्हणाले, "त्याच आवाजाला घाबरतात." तिसऱ्या खेपेला ती आत गेली. तोंडावरच्या मोहरकीची दोरी मी पाईपाला आवळायला लागलो तर हातावर चापट बसली. "निरगाठ नको. सुरगाठ. पडली तर एका झटक्यात सुटली पाहिजे."

आप्पा केबिनमध्ये बसले नाहीत, मागे घोडीच्या मानेशी उभे राहिले. नियमात घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे, ती मी नातवाला दोनदा सांगितली. तो हसला.

दोंडाईच्याच्या वाटेवर पुढेच गतिरोधक होता. गाडी त्याच्या अलीकडे जवळजवळ थांबली, आधी पुढची चाकं वर चढली, मग मागची, आणि ताडपत्रीखाली घोडीचे दोन्ही कान जागचे हलले नाहीत.